मावशीचं पोट

१

आमच्या दुकानातल्या मावशीला डोकं नाही, हात नाहीत आणि कमरेखाली नुसता लाकडी दांडा आहे. मावशी म्हणजे कपडे चढवून बघायची डमी. माझी मुलगी अडीच-तीन वर्षांची असताना तिच्याशी तासन्‌तास गप्पा मारायची, तिनेच हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. पुढे मी आणि माझ्या जाऊबाईही तसंच बोलायला लागलो. हा झगा मावशीला घाला, मावशीला जरा उन्हात ठेवा, मावशीचं तोंड भिंतीकडे करा, गिऱ्हाइकाकडे टक लावून बघतेय. जिला डोकंच नाही ती टक लावून कशी बघेल, असं आम्ही एकमेकींना कधी विचारलं नाही. गमतीचा इतका कीस कोण पाडतं?

दुकान लहान आहे. पुढे काउंटर, त्यामागे दोन मशिनी, खिडकीशी इस्त्रीचं टेबल. मागे पडद्याआड कपडे घालून बघायची खोली, तिच्यात एक उंच आरसा, एक स्टूल, एक फळी आणि कोपऱ्यात मावशी. वरच्या मजल्यावर आमचं घर. नवरा ट्रकवर असतो, महिन्यातले चार-पाच दिवस घरी. मी मापं घेते आणि कपडे बेतते. जाऊबाई मापं वहीत लिहितात, काजं-बटणं आणि तुरपाई करतात. त्या माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठ्या. एका कानाने त्यांना कमी ऐकू येतं आणि दुसऱ्या कानाने नको तेवढं.

ज्यांच्या हाताखाली मी शिकले त्या मास्तरांचे दोन नियम होते. कपडा घट्ट करताना जास्तीचं कापड कापायचं नाही, शिवणीच्या आत दुमडून ठेवायचं, हा पहिला. त्या राखून ठेवलेल्या कापडाला आम्ही शिवणकाम करणारे माया म्हणतो. माणूस आज बारीक असतं, उद्या भरतं, मग शिवण उसवून तोच कपडा सैल करून देता येतो. दुसरा नियम असा की चिंध्या टाकायच्या नाहीत. डमीचं पोट बसतं, खांदे खचतात, तेव्हा चिंध्या तिच्यात भरायच्या. दुसरा नियम मी आजही पाळते. पहिला या वर्षी मोडला, आणि तो कुणाच्या कपड्यावर मोडला हे सांगायची मला लाज वाटते.

२

नाचाच्या क्लासच्या बाई आल्या तेव्हा सकाळचे अकरा वाजले असतील. लांब मान, ताठ पाठ, हातात कायम पाण्याची बाटली. त्यांनी काउंटरवर एक चिठ्ठी ठेवली. चिठ्ठीवर कमरेच्या मापाचा एक आकडा होता.

"चौदा मुली आहेत. चंदेरी सॅटिनचे चौदा झगे. कार्यक्रमापर्यंत सगळे या मापात यायला हवेत."

"बाई, चौदा मुली म्हणजे चौदा कमरा असणार," मी म्हटलं.

"आत्ता आहेत," बाई हसल्या. "तीन महिने आहेत आपल्या हातात. आत्ता अंगाच्या मापाने शिवा. मग दर शनिवारी मी त्यांना घेऊन येईन, तुम्ही थोडं थोडं आत घेत चला."

तिथेच त्यांना दार दाखवायला हवं होतं. पण माझी मुलगी त्याच क्लासात होती, शेवटच्या रांगेत, आणि बाई जाता जाता म्हणाल्या की तिचे पाय फार छान पडतात, बाकी जमलं तर पुढच्या रांगेत घेता येईल. आईचं मन लगेच पाघळतं. मी चिठ्ठी घडी करून वहीत ठेवली.

मापाच्या दिवशी चौदाही जणी मागच्या खोलीत उभ्या राहिल्या. एकेक स्टुलावर चढली की पोट आत ओढायची, इतकं की टेपखाली बरगड्यांची टोकं लागायची. मी म्हटलं, "श्वास घे गं, नाहीतर झग्यात श्वासाला जागाच राहायची नाही." कुणीही हसलं नाही. बाई बाटलीतून घोट घोट पाणी पीत होत्या.

आमची रोजची पद्धत अशी की मी टेप लावते, आकडा मोठ्याने सांगते आणि जाऊबाई काउंटरवरून तो लिहून घेतात. बावीस वर्षांत माझा आवाज या कामाला असा सरावलाय की मला स्वतःला तो ऐकूही येत नाही. माझी मुलगी शेवटून दुसरी होती. गोबरे गाल म्हणून तिच्या बापाने जन्मल्या दिवशी तिला गोबू म्हटलं आणि पंधरा वर्षं ती त्या नावाला ओ देत आली. मी तिच्या कमरेभोवती टेप घातली, आकडा पाहिला आणि खणखणीत आवाजात सांगितला.

स्टुलाभोवतीच्या मुलींनी एकमेकींकडे पाहिलं.

"किती?" बाहेरून जाऊबाईंनी विचारलं.

मी पुन्हा सांगितला, आणखी मोठ्याने.

कुणीतरी खुदकन हसलं, मग दोघी-तिघी हसल्या. बाईंनी त्यांना गप्प केलं, पण तेही हसऱ्या तोंडाने. आरशात मला माझी मुलगी दिसत होती. ती माझ्याकडे नाही, मावशीकडे बघत होती.

त्या संध्याकाळी मी हाक मारली, "गोबू, चल जेवायला."

"मला त्या नावाने हाक मारायची नाही."

"बरं बाई. मग काय म्हणू?"

"काहीच म्हणू नकोस." ती जिन्यात बसली होती, गुडघ्यांवर हनुवटी टेकून. "आई, तू दोनदा सांगितलंस."

३

पहिल्या शनिवारी मी नेहमीसारखं जास्तीचं कापड आत दुमडलं. बाईंनी एक झगा उलटा केला आणि शिवणीवरून बोट फिरवलं.

"हे कशाला ठेवलंय?"

"उद्या सैल करायचा झाला तर?"

"तेच तर. आत कापड आहे हे मुलींना माहीत असतं. मनात कुठेतरी राहतं की करू सैल. कापून टाका."

"बाई, हे आमच्या कामात बसत नाही."

"मग मी दुसरीकडे विचारते."

माझी मुलगी पडद्यापाशी उभी होती. ती म्हणाली, "आई, काप ना. पहिला माझा काप."

मी कापला. बोटभर रुंदीची चंदेरी पट्टी टेबलावर पडली. मग बाकीच्या तेरा. कात्री चालत राहिली, हात काही थांबला नाही. हाताला काम कळतं, त्याला बाकी काही कळत नाही.

मावशीच्या काखेखाली वीतभर शिवण आम्ही मुद्दाम कच्ची ठेवलेली असते. जाऊबाईंनी ती उघडून पट्ट्या आत सारल्या, लाकडी पट्टीने ठासल्या आणि चार टाके घातले.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "हिचं पोट फार खपाटीला गेलं होतं."

पुढचे शनिवार असेच गेले. मुली यायच्या, स्टुलावर चढायच्या, मी अर्धा इंच, पाऊण इंच आत घ्यायची आणि कापायची. आधी त्या आपसात कुजबुजायच्या, फोनवर एकमेकींना काहीबाही दाखवायच्या, ढकलाढकली करायच्या. मग ते कमी झालं. चौथ्या शनिवारी चौदा मुली खोलीत असून पंख्याचा आवाज ऐकू येत होता.

४

पाचव्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाचं जाकीट मावशीला घातलं आणि त्याची बटणं लागेनात. गेल्या वर्षी याच मापाचं जाकीट तिला सैल झालं होतं. मी टेप लावली. मावशीची कंबर चार इंचांनी वाढली होती.

"चिंध्या जास्त भरल्या आपण," जाऊबाई म्हणाल्या.

बरोबरच होतं. चौदा झग्यांच्या पट्ट्या आत गेल्यावर पोट फुगणारच, त्यात डोकं चालवण्यासारखं काही नव्हतं. पण चिंध्या ठासल्या की डमी कडक होते, ठासून भरलेल्या लोडासारखी. मावशीचं पोट खाली ओघळलं होतं. मी बोट दाबलं तर खळगा पडला आणि बोट काढल्यावर तो सावकाश भरून आला. मी पुन्हा दाबलं नाही.

दोन दिवसांनी पोटाच्या मधोमध डाग दिसला. पिवळट, तेलकट, बशीएवढा. साबण लावून घासला तर फिका झाला, संध्याकाळी पुन्हा तेवढाच. जाऊबाईंना वाटलं, भिंतीची ओल असेल. मी मावशीला भिंतीपासून दूर ओढायला गेले आणि माझा हात तिच्या पाठीला लागला. पाठ कोमट होती. ऊन आलं असेल म्हणून मी मान वळवून पाहिलं. त्या खोलीला खिडकीच नाही, हे मला बावीस वर्षांपासून माहीत आहे.

आणि वास. सुरुवातीला मला तो पडद्याचा वाटला, मी पडदा धुतला. मग फरशीचा वाटला. आंबलेल्या दुधाचा, बाळाने खांद्यावर गुळणी टाकली की कपड्याला येतो तसला वास, त्यात थोडा काखेतल्या घामाचा. गिऱ्हाइकं नाक मुरडायची. मला तर त्या खोलीत पाऊल टाकलं की घशाशी यायचं. मी तोंडाने श्वास घ्यायची, आणि मग तो वास जिभेवर यायचा.

एवढा तेलकट डाग, एवढा आंबूस वास, पण कोपऱ्यात एकही मुंगी नव्हती. काउंटरवर साखरेचा कण सांडला तर जिथे रांग लागते, तिथे मावशीपासून हातभर अंतर सोडून मुंग्या वळसा घालून जात होत्या.

५

माझी मुलगी मात्र चवळीची शेंग झाली. सगळे तसंच म्हणायचे. गिऱ्हाइकं तिला वळवून वळवून बघायची. "अगंबाई, ओळखूच आली नाहीस! काय केलंस तरी काय?" बाईंनी तिला दुसऱ्या रांगेत घेतलं, मग पहिल्या. मला बरं वाटायचं. हे खरं आहे, लपवून काय करू? तिचा झगा आत घेताना एकदा मी जाऊबाईंना म्हणाले देखील, "बघा, सगळ्यात जास्त आमचीच उतरली."

मग न्हाणीघराच्या जाळीत केसांचा गुंता सापडायला लागला. मी तो बोटाने ओढायची, ओढतच जायची, आणि तो संपायचा नाही. तिच्या दंडावर आणि पाठीवर बारीक मऊ लव आली, उंदराच्या पिल्लाला असते तशी. ओठांचे कोपरे चिरले. जवळ आली की तोंडाला नेलपॉलिशसारखा गोडसर वास यायचा. झगा घालताना माझी बोटं तिच्या मणक्यांना लागली की मी हात पटकन मागे घ्यायची. माझ्या पोटच्या पोरीची मला किळस यायला लागली, आणि त्या किळसेची मला किळस आली. रात्रभर कूस बदलत मी स्वतःला शिव्या द्यायची, आणि सकाळी पुन्हा तिच्याकडे बघताना नजर चुकवायची.

जेवत मात्र होती. निदान ताटं तसं सांगत होती. माझ्यासमोर ती घासही घ्यायची नाही, पण दुपारी शाळेतून आली की ताट घेऊन मागच्या खोलीत अभ्यासाला बसायची. भात, बटाटे, उकडलेलं अंडं, लोणी लावलेला ब्रेड, मी जे देईन ते. अर्ध्या तासाने ताट बाहेर यायचं, शितही न उरलेलं. इतकं लख्ख, की घासायलाही नको. मी आणखी वाढायला लागले. तेही संपायचं.

"एवढं खाते आणि अंगाला लागत कसं नाही गं?" जाऊबाई म्हणायच्या.

"वाढीचं वय आहे," मी म्हणायची.

नवरा या खेपेला लांबच्या फेऱ्यांवर अडकला होता, तीन महिने घरी आलाच नाही. फोन आला की तो पहिल्यांदा विचारायचा, "माझी गोबू कुठाय? दे तिला." ती लांबूनच मान हलवायची. मी सांगायची, ती जेवतेय. तो खूश व्हायचा.

६

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी वीज गेली आणि माझी मशीन थांबली. जाऊबाई काउंटरवर काजं करत होत्या. शांत झाल्यामुळे मला पडद्यामागचा आवाज ऐकू आला. मऊ, ओला, सावकाश आवाज. कुणीतरी तोंड न मिटता चावत होतं. मधेच घुटका घेतल्याचा आवाज, मग पुन्हा मचमच.

खरं सांगते, मला आनंद झाला. खातेय तर, मी मनात म्हटलं. खा बाई, पोटभर खा.

तेवढ्यात दुकानाचं दार उघडलं आणि माझी मुलगी रस्त्यावरून आत आली. हातात दोऱ्याचं रीळ होतं. मीच तिला पंधरा मिनिटांपूर्वी कोपऱ्यावरच्या दुकानात पाठवलं होतं, आणि विसरले होते.

मागे चावणं चालूच होतं.

मी पडदा सारला. आवाज थांबला. स्टुलावर ताट होतं, रिकामं आणि ओलं. मांजर, मी मनात म्हटलं. पण त्या खोलीला दुसरं दार नाही, आणि जे होतं त्यात मीच उभी होते. मावशी जागच्या जागी होती. तिच्या काखेखालचे टाके सैल झाले होते आणि त्यातल्या एका टाक्याला भाताचं शीत चिकटलं होतं.

मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पोरगी जेवण मावशीत कोंबत होती! तीन महिने, रोज दुपारी. म्हणून पोट वाढलं, म्हणून डाग, म्हणून वास. आत सगळं कुजलं असणार, उंदीर शिरले असणार, त्यांचाच तो आवाज. मुंग्यांचं आणि त्या कोमट पाठीचं काय, हे मी स्वतःला विचारलंच नाही. मला इतकं हायसं वाटलं की मी भिंतीला टेकले.

"तू जेवण हिच्यात कोंबतेस ना?" मी विचारलं. आवाज चढवला नाही.

"नाही."

"खोटं बोलू नकोस. मी रागावणार नाही."

तिने रीळ फळीवर ठेवलं आणि मावशीकडे बघितलं, लहानपणी बघायची तसं.

"कोंबावं नाही लागत, आई," ती म्हणाली.

७

दुसऱ्या दिवशी शनिवार होता, आणि संध्याकाळी कार्यक्रम. दुपारी बाई मुलींना शेवटचं बघायला घेऊन आल्या. तेरा झगे बसले. माझ्या मुलीचा चिठ्ठीवरच्या आकड्याच्याही आत गेला होता आणि तरी तो तिच्या अंगावर लोंबत होता. बाईंनी पाठीमागून चिमटीत कापड धरलं.

"अजून अर्धा इंच."

स्टुलावर उभी असलेली पोर जरा हलली, वाऱ्याने पडदा हलावा तशी. मी तिचा दंड धरला. माझी बोटं एकमेकांना मिळाली आणि तरी वर जागा उरली. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"बाई," मी म्हटलं, "चालत्या व्हा. या तेरा जणींना घेऊन जा आणि आधी त्यांना जेवायला घाला. ही नाचणार नाही."

"अहो, संध्याकाळी कार्यक्रम—"

"बाहेर!"

त्या गेल्या. मुली त्यांच्यामागून रांगेत गेल्या, पावलांचा आवाजही झाला नाही. जाऊबाई दारापाशी गेल्या आणि त्यांनी कडी लावली.

मला काय करायचं ते मला कळलं होतं. कापलेलं कापड परत घालायचं. झगा सैल करायचा, पट्टी पट्टी जोडून, पहिल्या मापाचा. तो आकडा मी विसरले नव्हते. आणि तिला जेवायला बसवायचं, माझ्यासमोर, या खोलीतच, कितीही वेळ लागला तरी. दुपारचं ताट फळीवर तसंच होतं, झाकलेलं.

कापड मावशीच्या पोटात होतं. मी नाकावर रुमाल बांधला आणि छोट्या कात्रीने काखेखालची शिवण उसवली, थेट कमरेपर्यंत. कुजलेलं अन्न बाहेर येणार, उंदीर उड्या मारणार, म्हणून मी पाय मागे घेतले.

काही आलं नाही. भाताचं एक शीत नाही, उंदराची लेंडी नाही. नुसत्या चंदेरी पट्ट्या, एकमेकींना चिकटलेल्या, ओल्या, बुळबुळीत. मी एक ओढली. ती लांबत गेली आणि मग सुटली, आणि सुटताना मावशीचं पोट आत गेलं आणि बाहेर आलं. मला ओकारी आली. ती गिळून मी दुसरी ओढली. तिसरी खोल होती, मी हात कोपरापर्यंत आत घातला. आत ऊब होती, तापलेल्या पोराच्या अंगाला असते तेवढी.

मग माझ्या बोटांभोवती काहीतरी मिटलं.

दात नव्हते. कडक हिरड्या आणि त्यांच्यामागे ओढ, एकदा, दोनदा, मग श्वास घ्यायला थांबून पुन्हा. ही ओढ मला ठाऊक होती. पंधरा वर्षांपूर्वी वरच्या खोलीत मी महिनोन्‌महिने ती सोसली होती. दुनियेतल्या कुठल्याही दुसऱ्या बाळाने ओढलं असतं तर मला फरक कळला असता.

मी हात झटकून बाहेर काढला. बोटं सुरकुतली होती आणि पांढरी पडली होती. कापडावर खुणा करून करून बावीस वर्षं नखांत बसलेली निळ्या खडूची रेघ कुणीतरी चोखून नेली होती.

"गोबू!" मी ओरडले. मला तिला स्टुलावरून उतरवून रस्त्यावर न्यायचं होतं, आणखी काही नाही. मी तिच्याकडेच बघत होते. तिचे चिरलेले ओठ मिटलेले होते आणि ते मिटलेलेच राहिले.

"ओ," माझ्या पाठीमागून आवाज आला.

भरल्या गालांचा आवाज. तीन महिने मी तो ऐकला नव्हता.

"आई, भूक लागलीय."

माझ्या मुलीने स्टुलावरून माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं. "दे ना तिला," ती हळूच म्हणाली. "मला नकोय."

काउंटरवरून जाऊबाईंचा आवाज आला. "अगं, पोर जेवायला मागतेय ना? मला इथपर्यंत ऐकू आलं. मग दे की, उभी काय राहिलीस!"

मी फळीवरचं ताट घेतलं. तीन महिने मी या एका वाक्यासाठी झुरत होते, आणि ते ज्या आवाजात हवं होतं अगदी त्याच आवाजात आलं होतं. मी भाताचा घास कालवला आणि उसवलेल्या शिवणीशी नेला. तो बोटांवरून ओढून घेतला गेला, ओला, मचमच करत. घशाशी आलं. तरी मी दुसरा घास कालवला, कारण किती दिवसांनी पोर मागून खात होती.

मागे स्टुलावरून काहीतरी खाली आलं. फारसा आवाज झाला नाही, हँगरवरून झगा घसरून पडावा तेवढाच.

"थांब गं जरा," मी मागे न बघता म्हटलं. "आधी हिचं होऊ दे."